तेराव्या अध्यायातला आजारी माणूस



श्रीगुरुचरित्राच्या सप्ताहात तेरावा आणि चौदावा हे दोन्ही अध्याय दुसऱ्या दिवशी येतात. चौदावा बहुतेकांना पाठ असतो. संकट आलं की घरोघरी तोच वाचतात. तेराव्यातल्या पोटशूळाच्या ब्राह्मणाला मात्र आपण चमत्कार म्हणून नमस्कार करतो नि पुढे जातो. यंदा तिथे जरा थांबावं.

प्रसंग गोदाकाठच्या वासरब्रह्मेश्वराचा, म्हणजे आजच्या तेलंगणातल्या बासरचा. अन्न तुटलेला एक ब्राह्मण जीव द्यायला नदीवर येतो. श्रीनृसिंहसरस्वती शिष्यांना धाडून आधी त्याला आपल्याजवळ आणवतात, मग विचारतात. त्याच्या उत्तराचा आशय असा, की विचारून काय करणार, मी भूमीला भार झालोय.

हे बोलणं ओळखीचं आहे हो. रात्री दोनला जाग येणारा, सकाळी दात घासायचंही त्राण नसणारा, उगाच छातीत धडधडणारा माणूस आमच्या धायरीतल्या सोसायट्यांतही हेच बोलतो, "माझा सगळ्यांना त्रासच." आपण सांगतो, "नाम घे, मन घट्ट कर." आत्महत्या हा महादोष, हे महाराजांनीही सांगितलं; पण ते उपदेशावर थांबले नाहीत. तुझ्या व्याधीवर औषध आहे म्हणाले आणि सायंदेवाच्या घरी त्याला पंगतीला बसवलं. याला जेवू घातलं आणि काही बरंवाईट झालं तर, म्हणून सायंदेव कचरत होता. पुढच्या अध्यायात तोच सायंदेव, यवनाने मला मारायला बोलावलंय, ही स्वतःची भीती गुरूंपुढे मोकळेपणाने मांडतो.

आता सप्ताहाचे नेम. जमिनीवर डाव्या कुशीवर निजणं, हविष्यान्न. ज्याची झोप उडालीय, भूक मेलीय त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे धरू नयेत, हे माझं स्पष्ट मत. पारायण मोडलं तर दोष लागेल ही धास्ती वर आणखी कशाला? अख्खा ग्रंथ सिद्ध सांगतात आणि नामधारक ऐकतो. तेव्हा घरच्या कुणीतरी दहा मिनिटं वाचावं, त्याने पडून ऐकावं.

दोन आठवडे मन उदास राहिलं, कशातच गोडी वाटेना, तर डॉक्टर गाठावा. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्यावं. थकव्याचं मूळ तिथेही असतं. उदासीची औषधं लागू पडायला दोन-चार आठवडे लागतात आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायची नसतात. दुपारनंतर चहा नको. झोप कशीही लागो, उठायची वेळ एकच ठेवावी. जमेल तसं सकाळच्या उन्हात धारेश्वराच्या दर्शनाला चालत जावं. कुणी सोबत असेल तर बरं.

आणि जीव द्यावासा वाटतो असं कुणाच्या तोंडून आलं, तर त्याला एकटं सोडू नये. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही बोलता येतं. फोन घरच्यांनी केला तरी चालतो.