मलम लावावें, पण समजून लावावें

पावसाळा लागला म्हणजे दोडामार्गाकडील घरोघर मुलांच्या तोंडावर व हातापायांवर पुवाचे फोड दिसूं लागतात. खरचटलेल्या किंवा खाजविलेल्या जागेंतून जंतु कातडींत शिरतात, आणि एका मुलाचे फोड दुसऱ्यास लागतात. अशा वेळीं घरांत पडलेली मलमाची जुनी नळी शोधण्यांत येते. तिजविषयीं आम्ही आज चार शब्द लिहीत आहों.

औषध लावणें हा अविश्वास नव्हे. हिज्कीया राजानें रडून प्रार्थना केली, तरी यशयानें त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावावयास सांगितलें (२ राजे २०:७).

अशा फोडांवर डॉक्टर पुष्कळदां म्युपिरोसिन नांवाचें शेंकडा २ प्रमाणाचें मलम देतात. प्रथम साबणानें हात धुवावे. फोड कोमट पाण्यानें धुऊन, मऊ झालेली खपली हळूच काढून, जागा कोरडी करावी. मग थोडेंसें मलम दिवसांतून तीन वेळां लावावें व पुन्हा हात धुवावे. डॉक्टरांनीं सांगितलेले दिवस पुरे करावे. त्यांच्या सांगण्यावांचून दहा दिवसांपलीकडे लावूं नये. डोळ्यांत घालूं नये. मोठ्या भाजलेल्या जागेवर थापूं नये. एकाची नळी किंवा पंचा दुसऱ्यानें वापरूं नये.

नायटा बुरशीनें होतो व खरूज सूक्ष्म किड्यानें. त्यांवर हें मलम चालत नाहीं. सर्व रोगांवर एकच म्हणून मिळणाऱ्या मिश्र मलमांत बहुधा स्टेरॉइड असतें. त्यानें खाज थांबते, पण नायटा पसरतो व कातडी पातळ होते. बधिर चट्टा कुष्ठरोगाचा असूं शकतो. तेथें मलमावर वेळ दवडूं नये. त्या रोगाचें औषध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें.

तीन ते पांच दिवसांत उतार न पडल्यास, ताप आल्यास, लाली पसरल्यास, किंवा रोगी तान्हें मूल अथवा मधुमेही असल्यास ग्रामीण रुग्णालय गांठावें. फोड बरे झाल्यावर कांहीं आठवड्यांनीं तोंड सुजलें वा लघवी तांबूस झाली, तर मूत्रपिंडास इजा झालेली असूं शकते. त्याच दिवशीं मुलास डॉक्टरकडे न्यावें.

पेनिसिलिनचे शोधक फ्लेमिंग यांनीं १९४५ सालीं नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानांत बजावलें होतें कीं, अपुऱ्या औषधानें जंतु मरत नाहींत, उलट त्यास सरावतात. आज तें खरें ठरलें आहे. म्हणून उपदेशक बंधूंनीं, कोणी नळी मागावयास आल्यास, आपली नळी देण्यापेक्षां त्याजबरोबर दवाखान्यापर्यंत चालत जावें. तीच खरी शेजारप्रीति होय.