चिकित्सालयात कर्करोग-प्रतिबंध कार्यक्रम कसा रुजतो?
टेक्सासमधील अल्प उत्पन्न गटातील लॅटिना स्त्रियांच्या कार्यक्रमाचा अभ्यास

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील ११ व्या अध्यायात अर्बुदाचे वर्णन आहे आणि सूत्रस्थानातील २१ व्या अध्यायात षट्‌क्रियाकाल सांगितले आहेत. व्याधी पूर्ण व्यक्त होण्याआधी वैद्याने तो ओळखावा, ही त्यामागील दृष्टी आपणां सर्वांस परिचित आहे. क्रियाकालाच्या अवस्था व आधुनिक शास्त्रातील पेशीबदल एकच आहेत, असा दावा आम्ही करीत नाही. परंतु गर्भाशयमुखाच्या कर्करोगात या दृष्टीचे महत्त्व स्पष्ट दिसते. एच.पी.व्ही. विषाणूचा चिवट संसर्ग झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत सामान्यतः १५ ते २० वर्षे जातात. एवढा अवधी हाती असूनही असंख्य स्त्रिया शेवटच्या अवस्थेत येतात. तेव्हा उणीव केवळ ज्ञानाची नसून ते ज्ञान स्त्रीपर्यंत पोहोचविणाऱ्या व्यवस्थेचीही आहे. ही व्यवस्था कशी उभारावी, याचा एक अभ्यासनीय नमुना अमेरिकेतील टेक्सास राज्यात आढळतो.

प्रश्नाचे स्वरूप

लॅटिना म्हणजे मेक्सिको व लॅटिन अमेरिकेतील अन्य देशांत मूळ असलेल्या, अमेरिकेत राहणाऱ्या स्त्रिया. त्यांच्यातील अनेकजणी शेतमजुरी, घरकाम, साफसफाई अशी कामे करतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण त्यांच्यात गौरवर्णीय स्त्रियांपेक्षा अधिक आहे, तर स्तनाचा कर्करोग हा त्यांच्यात सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. अमेरिकी काँग्रेसने १९९० मध्ये कायदा केला आणि अल्प उत्पन्न असलेल्या, विमा नसलेल्या स्त्रियांसाठी १९९१ पासून मॅमोग्राफी व पॅप चाचणीची राष्ट्रीय योजना सुरू झाली. असे असूनही बऱ्याच स्त्रिया तपासणीस येत नव्हत्या. एका दिवसाची मजुरी बुडणे, वाहनाची सोय नसणे, इंग्रजी न येणे, पुरुष डॉक्टरांपुढे संकोच वाटणे, 'कर्करोग म्हणजे मरणच, मग कळून उपयोग काय' ही भावना आणि डॉक्टरांनी तपासणी कधी सुचविलीच नसणे, ही त्याची कारणे होती. यांतील शेवटचे कारण वैद्यकीय व्यावसायिकांनी विशेष लक्षात घ्यावे.

प्रोमोतोरा : शेजारची आरोग्यसखी

ह्यूस्टन येथील टेक्सास विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागातील मारिया फर्नांडेझ व सहकाऱ्यांनी ५० वर्षे व त्यापुढील लॅटिना स्त्रियांसाठी 'कुल्तिवांदो ला सालुद', म्हणजे 'आरोग्याची मशागत', हा कार्यक्रम तयार केला. त्याचा कणा म्हणजे 'प्रोमोतोरा'. ही त्याच वस्तीतील, तीच भाषा बोलणारी स्त्री. ती घरी जाऊन समोरासमोर बसते, चित्रतक्ता दाखविते, शंका ऐकते आणि तपासणीची वेळ ठरवून देण्यास साहाय्य करते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कार्यक्रम मिळालेल्या स्त्रियांपैकी ४०.८ टक्के स्त्रियांनी मॅमोग्राफी करून घेतली, तर तुलनागटात हे प्रमाण २९.९ टक्के होते. पॅप चाचणीचे प्रमाण अनुक्रमे ३९.५ व २३.६ टक्के होते. पुढे 'आमिगास' या कार्यक्रमाची परीक्षा एल पासो, ह्यूस्टन व याकिमा खोरे येथील मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांत झाली आणि तेथेही आरोग्यसखीच्या भेटीने पॅप चाचणीचे प्रमाण लक्षणीय वाढले.

कार्यक्रम सिद्ध झाला, तरी चिकित्सालयात का रुजत नाही?

उपयुक्त ठरलेला कार्यक्रम चिकित्सालये आपोआप स्वीकारत नाहीत. प्रोमोतोराचे वेतन कोठून द्यावे, नोंदी कोणी ठेवाव्या, दोष आढळलेल्या स्त्रीला पुढे कोठे पाठवावे, या प्रश्नांची उत्तरे मूळ पुस्तिकेत नसतात. म्हणून फर्नांडेझ व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अंमलबजावणीच्या आखणीची पद्धत मांडली. तिचे पाच टप्पे आमच्या शब्दांत असे :

१. चिकित्सालयाची गरज व क्षमता तपासणे. निर्णय कोण घेणार आणि प्रत्यक्ष काम कोण करणार, हे निश्चित करणे.
२. प्रत्येकाने नेमके काय करावयाचे, ते लिहून काढणे आणि ते करण्यास काय आडवे येते, हे शोधणे.
३. त्या अडथळ्यांवर योग्य उपाय निवडणे.
४. त्यानुसार कार्यपद्धती व साहित्य तयार करणे.
५. काम ठरल्याप्रमाणे होते की नाही, याचे मोजमाप करणे.

यातील मर्म दुसऱ्या टप्प्यात आहे. 'जागृती करावी' असे मोघम ठरविल्यास कोणीच काही करीत नाही. 'स्वागतकक्षातील ताईंनी ३० वर्षांवरील प्रत्येक स्त्रीला शेवटची तपासणी कधी झाली, हे विचारून केसपेपरवर लिहावे', असे ठरविल्यास काम होते. 'सालुद एन मिस मानोस', म्हणजे 'आरोग्य माझ्या हाती', या पुढच्या कार्यक्रमात स्तन व गर्भाशयमुखाच्या तपासणीबरोबर एच.पी.व्ही. लसीकरणाचाही समावेश झाला आणि तो चिकित्सालयांत रुजविण्यासाठी हीच पद्धत वापरण्यात आली.

महाराष्ट्रातील पुरावा

हा विषय परदेशापुरता नाही. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, टाटा स्मारक रुग्णालय व बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांच्या सहभागाने ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर अभ्यास झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एकदाच केलेल्या एच.पी.व्ही. चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटल्याचे दिसले. एकदाच केलेल्या पॅप किंवा ॲसेटिक आम्लाच्या चाचणीने मात्र मृत्यूंत तशी लक्षणीय घट झाली नाही. उलट, मुंबईच्या झोपडपट्ट्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ॲसेटिक आम्लाची चाचणी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत केली, तेव्हा १२ वर्षांत मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. साधी चाचणी उपयोगी पडते, परंतु तिच्यात सातत्य हवे, हा त्याचा बोध.

आपण काय करावे?

वैद्यांकडे व आयुर्वेदीय औषधालयांत स्त्रिया विश्वासाने येतात. संकोचामुळे रुग्णालयात न जाणारी स्त्री श्वेतप्रदरासाठी पुष्यानुग चूर्ण किंवा रक्तप्रदरासाठी अशोकारिष्ट मागते. अनेकदा तीही येत नाही, पतीला किंवा मुलाला पाठविते. अशा वेळी बाटली देऊन मोकळे होणे घातक ठरू शकते. रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव, संबंधानंतरचा रक्तस्राव, दोन पाळ्यांमधील रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव, स्तनातील गाठ, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव किंवा त्वचेस पडलेली खळी, यांपैकी काहीही असल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांकडून किंवा शल्यचिकित्सकांकडून तपासणी होईपर्यंत औषधाचा प्रयोग लांबवू नये. हे महिने गमावले, तर बरी होणारी रुग्णा असाध्य कोटीत जाते.

येथे एक भेद ध्यानी ठेवावा. चाळणी तपासणी लक्षणे नसलेल्या स्त्रीसाठी असते. जिला लक्षणे आहेत, तिला चाळणी नव्हे, पूर्ण रोगनिदान हवे. 'मागच्या वर्षी तपासणी ठीक होती' या उत्तरावर समाधान मानू नये.

प्रत्यक्ष आरंभासाठी आम्ही पुढील किमान आखणी सुचवितो :

१. केसपेपरवर 'शेवटची स्तन व गर्भाशयमुख तपासणी' हा रकाना असावा. भारत सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यात ३० ते ६५ वयासाठी दर पाच वर्षांनी तपासणी सांगितली आहे.
२. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय व कर्करोग केंद्र यांत तपासणी कोणत्या वारी होते आणि स्त्री डॉक्टर केव्हा असतात, याची माहिती आधी घेऊन फलकावर लावावी.
३. आशाताईंशी संपर्क ठेवावा. आपल्याकडील 'प्रोमोतोरा' त्याच आहेत.
४. पाठविलेल्या स्त्रीचे नाव वहीत नोंदवून १५ दिवसांनी विचारणा करावी. नोंद गोपनीय ठेवावी.
५. औषधालयमालकांनी प्रदरावरील औषध तिसऱ्यांदा मागणाऱ्या ग्राहकास वैद्यांकडे पाठविण्याचा दंडक ठेवावा. काउंटरवर गर्दीत प्रश्न विचारू नयेत.
६. दर तीन महिन्यांनी मोजावे : किती जणींना विचारले, किती पाठविल्या, किती पोहोचल्या.

प्रशिक्षणावाचून स्वतः तपासणी करून 'काही नाही' असा निर्वाळा कोणीही देऊ नये. तसेच तपासणीऐवजी एखादे रसायन पुरेसे आहे, असे सुचवू नये. निदानपरिवर्जन, आहारविहार व तंबाखूत्याग यांचा उपदेश अवश्य करावा, पण तो तपासणीच्या जोडीने.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये २०३० साठी ९०-७०-९० हे ध्येय ठरविले : ९० टक्के मुलींना १५ व्या वर्षापर्यंत लस, ७० टक्के स्त्रियांची ३५ व ४५ या वयांपर्यंत उत्तम दर्जाची तपासणी आणि दोष आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांना उपचार. आकडे मोठे वाटतात, परंतु आपला वाटा छोटा व निश्चित आहे. येत्या सोमवारपासून केसपेपरवर तो एक रकाना छापून घ्यावा आणि पुढील तिमाहीत आपापल्या शाखेच्या बैठकीत वहीतील तीन आकडे मांडावेत, ही सर्व सभासदांस विनंती.