काळ्या फुलीपाशी थांबा

दख्खनचा दगड वाचायला मी शिकले ती लखनऊत. ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. पण बीरबल साहनींनी १९४६ साली इथे पुरावनस्पतिशास्त्राची संस्था उभी केली आणि त्याआधी, १९४३ मध्ये, एच. एस. राव यांच्यासह सौसरच्या चर्टमधल्या, म्हणजे सिलिकाच्या कठीण दगडातल्या, वनस्पतींवर मोठा लेख लिहिला. सौसर म्हणजे पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेला मराठी मुलूख. लाव्ह्याच्या थरांमधल्या जुन्या तळ्यांत झाडंझुडपं गाडली गेली, सिलिकाने त्यांच्या पेशी भरल्या. बहुतेक जण त्यात बिया, खोडं शोधतात. मी मात्र पोकळ्यांत वाढलेल्या कॅल्सिडोनीच्या, म्हणजे बारीक तंतुमय क्वार्ट्झच्या, गोळ्यांत रमले. या गोळ्यांना स्फेरुलाइट म्हणतात. सूक्ष्मदर्शकाला नव्याने डोळा लावणाऱ्यांसाठी हे चार शब्द.

१. आधी फुली पाहा. दगडाचा काप घासून घासून ०.०३ मिलिमीटर जाडीचा करतात. साध्या प्रकाशात कॅल्सिडोनी म्हणजे नुसता फिकट डाग. प्रकाशाची कंपनं एकाच दिशेत ठेवणाऱ्या दोन ध्रुवकांपैकी दुसरा पहिल्याला आडवा घातला की तोच डाग उजळतो आणि त्यावर काळी फुली उमटते. आता काप ठेवलेला मंच फिरवा. शेजारचे सुटे कण उजळतील, विझतील. फुली जागची हलणार नाही. गोळ्यातल्या तंतूंच्या सुया मध्यापासून सगळीकडे गेलेल्या असतात, त्यातल्या ध्रुवकांच्या दिशांना लागून येतील तेवढ्या काळ्या पडतात, आणि मंच कितीही फिरवला तरी त्या जागी कुठली ना कुठली सुई येतेच. फुली विस्कटलेली दिसली तर छेद बहुधा मध्य चुकवून गेलेला असतो. अशा गोळ्याची त्रिज्या मोजून वहीत लिहू नका. खरा गोळा त्याहून मोठा असतो.

२. गोळा म्हणजे रेट्याखालची वाढ. स्फटिकाला सवड मिळाली तर त्याला सपाट पैलू येतात. द्रावण फार संपृक्त असेल किंवा वितळलेला रस घट्ट असेल, तर कण हलायला वेळ लागतो आणि वाढीचा रेटा मात्र थांबत नाही. मग सुया निघतात, सुयांना किंचित कोन करून फाटे फुटतात, फाट्यांना पुन्हा फाटे. सगळ्या दिशा भरल्या की गोळा तयार. म्हणून एकाच पोकळीत कडेला कॅल्सिडोनीचे तंतू आणि मधोमध स्वच्छ क्वार्ट्झचे टपोरे दाणे दिसले, तर सिलिकाचा पुरवठा ओसरत गेला असा माझा पहिला अंदाज असतो. हे मला या विषयातलं सर्वांत सुंदर वाचन वाटतं: हजारो पोथ्यांत न मिळणारा पाण्याचा इतिहास नखाएवढ्या पोकळीत मिळतो.

३. अर्धवट गोळे टाकून देऊ नका. नाशिक-जळगावकडच्या बेसॉल्टमधलं स्टिल्बाइट पाहा. मधे आवळलेली, दोन्ही टोकांना फुललेली कडब्याची पेंढी जशी. काही स्फेरुलाइट असेच वाढतात: आधी एक सुई, मग टोकं फाटून पेंढी, मग टोकं वळत वळत एकमेकांना भिडतात. पेंढी म्हणजे वाटेत थांबलेला गोळा. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मी लोकांना पूर्ण गोळ्यांपाशीच गर्दी करताना पाहते; वाढ कशी होते हे शिकायचं असेल तर पेंढ्यांपाशी उभं राहावं.

४. दोन गोळ्यांची शीव वाचा. दोघं एकाच वेळी सुरू झाले आणि सारख्या वेगाने वाढले, तर मधली रेघ सरळ येते. एक उशिरा सुरू झाला तर रेघ वाकते आणि लहान गोळ्याला कवेत घेते. कोण आधी, कोण नंतर, हे घड्याळाशिवाय कळतं.

५. ओकेनाइट या खनिजाच्या पांढऱ्या गोळ्याला बोट लावू नका. कापसासारखा दिसला तरी त्याचे तंतू एकदा दबले की परत उभे राहत नाहीत.

६. दगडापुरतं थांबू नका. लखनऊच्या अमौसीत सिपेट ही प्लास्टिक अभियांत्रिकीची संस्था आहे. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा पातळ काप त्याच ध्रुवकांमध्ये धरला की तीच काळी फुली. इथे सुयांऐवजी लांब रेणूंच्या घड्या पडून झालेल्या पापुद्र्यांच्या पट्ट्या मध्यापासून बाहेर जातात. पापुद्र्याची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढी. साच्याच्या थंड भिंतीला टेकलेला रस झटक्यात गोठतो, तिथे गोळे दिसतच नाहीत. आत, सावकाश निवलेल्या भागात ते मोठे होतात. मोठे गोळे असले की माल ठिसूळ होतो, तडा बरेचदा त्यांच्या शिवेवरून जातो. म्हणून कारखानदार रसात स्फटिकांना सुरुवातीचं बीज पुरवणारी पूड मिसळतात. बीजं असंख्य झाली की प्रत्येक गोळा बारीक राहतो, प्रकाश कमी विखुरतो आणि डबा पारदर्शक होतो.

७. सराव तुपावर करा. रवाळ तुपातला रवा म्हणजे स्निग्ध पदार्थाचे स्फेरुलाइटच. कढवलेलं तूप ओट्यावर सावकाश निवू दिलं की मोजक्या बीजांवर मोठा रवा धरतो. गरम बरणी थेट फ्रिजमध्ये ठेवली की बीजं फार होतात आणि तूप गुळगुळीत थिजतं. काचपट्टीवर थेंबभर पातळ तूप घ्या, वर पातळ काच ठेवा, ध्रुवक आडवे करा आणि ते निवताना पाहा. एक पट्टी खोलीत, एक बर्फावर. फुल्या मोजा, शिवा कागदावर काढा आणि शेजारी तापमान लिहायला विसरू नका.