कारचा स्टिरिओ घरात

प्रश्न : गाडीतून काढलेला स्टिरिओ जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसवर चालेल का? – एक वाचक, तुर्भे

उत्तर : जरूर चालेल. मोठ्या प्लगमधली हिरवी वायर काळीला जोडली की एसएमपीएस सुरू होतो. पिवळ्या वायरवर १२ व्होल्ट मिळतात. इथेच बहुतेकजण फसतात: एसएमपीएसची लाल वायर ५ व्होल्टची असते, त्यामुळे लालला लाल जोडू नका. स्टिरिओच्या लाल आणि पिवळ्या, दोन्ही वायरी एसएमपीएसच्या पिवळीला जोडा, काळी काळीला. मधे १० अँपिअरचा फ्यूज हवाच. स्पीकरची कुठलीही वायर काळीला लावू नका, आतली आयसी जळते. मेन स्विच बंद केला की लावलेली स्टेशनं पुसली जातील. मोठा अ‍ॅम्प्लिफायर मात्र यावर लावू नका. आणि एसएमपीएसचा डबा कृपा करून उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहतो.