जुना डेटाबेस अजून कोणी वापरतं का? कसं शोधायचं?



आपल्या शाळेतलं पन्नास वर्षांपूर्वीचं जनरल रजिस्टर वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही. मग एक दिवस कोणाचा तरी नातू जातीच्या दाखल्यासाठी आजोबांची नोंद शोधत येतो. मग ते रजिस्टर वापरात नव्हतं, असं म्हणायचं का?

कंपन्यांत हाच प्रश्न जुन्या डेटाबेसबद्दल पडतो. सर्व्हरवर दहा-पंधरा डेटाबेस पडून असतात, बनवणारा माणूस कधीच नोकरी सोडून गेलेला असतो. काढून टाकायचे तर कोणाचा पगार अडेल सांगता येत नाही आणि ठेवायचे तर जागा अडते, शिवाय जुन्या माहितीची चोरी होण्याची भीती. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर अनेक ठिकाणी असतो, म्हणून उदाहरण त्याचंच घेऊ.

बरेच जण आधी फाइलची तारीख बघतात. पण सर्व्हर चालू असेपर्यंत ती फाइल उघडीच असते. त्यामुळे रोज नोंदी होत असल्या तरी विंडोजमध्ये 'बदल केल्याची तारीख' जुनीच दिसू शकते.

काही जण आत्ता कोण जोडलेलं आहे ते बघतात. हे म्हणजे मधल्या सुट्टीत खिडकीतून डोकावायचं आणि वर्ग रिकामा दिसला म्हणून शाळा बंद आहे म्हणायचं!

खरी माहिती सर्व्हर स्वतःच ठेवतो. कोणत्या तक्त्यातून शेवटचं वाचन कधी झालं, लिखाण कधी झालं, हे इंडेक्सच्या वापराच्या नोंदीवरून कळतं. पण इथे एक मोठी मेख आहे. सर्व्हरची सेवा बंद करून पुन्हा सुरू केली की या नोंदी कोऱ्या होतात. म्हणून सेवा कधी सुरू झाली ते आधी बघायचं. परवा सुरू झाली असेल तर तुमच्या हातात दोनच दिवसांची हजेरी आहे. त्यापेक्षा या नोंदी रोज वेगळ्या तक्त्यात उतरवून ठेवाव्यात. कोणत्या नावाने, कोणत्या संगणकावरून, कोणत्या प्रोग्रामने लॉगिन झालं तेही टिपावं. रात्री बॅकअप घेणारा प्रोग्रामही लॉगिन करतो, त्याला मात्र मोजायचं नाही.

किती दिवस बघायचं? महिनाभर तर मुळीच पुरत नाही. हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं, आणि पगारावरच्या कराचा फॉर्म १६ कर्मचाऱ्यांना १५ जूनपर्यंत द्यायचा असतो. पगाराचा एखादा जुना डेटाबेस फक्त त्याच काळात उघडला जात असेल. त्यामुळे माझ्या मते पूर्ण वर्ष गेल्याशिवाय बोलूच नये. दरम्यान हिशेब विभागातल्या जुन्या माणसांना विचारावं. कोणाची तरी एक्सेल फाइल गुपचूप तिथूनच आकडे ओढत असते, ती अशी बोलता बोलताच सापडते.

एवढं करूनही लगेच पुसायचं नाही. आधी बॅकअप घ्यायचा आणि तो दुसऱ्या संगणकावर खरंच उघडतो का ते तपासायचं. मग डेटाबेस नुसता बंद करून ठेवायचा आणि कोणाचा फोन येतो का, याची वाट बघायची. फोन आला तर काही मिनिटांत परत चालू करता येतो.

आणि फोन आला नाही तरी हिशेबाची माहिती जपावीच लागते. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं किमान आठ वर्षं ठेवायची असतात, ती संगणकात असली तरीही.