भाकरसुद्धा मोजून खा, बाई

रिपोर्ट हातात पडला तशी तू चहातली साखर सोडलीस, भात सोडलास, आणि आता दोन्ही वेळेला तीन-तीन भाकरी खातेस. वरून मलाच विचारतेस, "ताई, ज्वारी तर शुगरवाल्यांना चालते ना?" चालते गं. पांढऱ्या भातापेक्षा कधीही बरी, तिच्यात चोथा आहे. पण 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात 70 ग्रॅमच्या आसपास पिष्टच असतं आणि पोटात गेल्यावर त्याचीही साखरच होते. त्यात आपल्याकडची भाकर परातभर थापलेली! एका वेळेला एकच घे आणि तीही जेवणाच्या शेवटाकडे. आधी भाजी, वरण, काकडी-मुळा खाऊन घे. त्याच जेवणाने साखर मग एकदम उसळत नाही.

एक भाकर खाऊन पोट कसं भरेल, हे तुझं रडगाणं मला माहीत आहे. घाटंजीच्या शिवारात जिकडेतिकडे तूर, आणि आपल्या घरातलं वरण मात्र वाटीचा तळ दिसेल इतकं पातळ. ते घट्ट कर. तुरीच्या डाळीत 100 ग्रॅमला 22 ग्रॅम प्रथिनं असतात. तीच पोटाला आधार देतात. अर्धं ताट भाजी भर: वांगं, अंबाडी, चवळीचा पाला, जे मिळेल ते. फक्त वर तेलाची तर्री नको. उरलेल्या अर्ध्यात वरण, चून, उसळ किंवा अंडं, आणि भाकर. स्वतःसाठी वेगळं रांधत बसू नकोस, चार दिवसांत कंटाळशील. घरच्यांनाही हेच वाढ, त्यांचंही भलं होईल.

गूळ, मध, खडीसाखर ही सगळी साखरच, त्यावर वाद नको. महालक्ष्म्यांना पुरणाची पोळी खाशीलच. नको म्हटलं तर चोरून खाशील. मग एक लहान खा आणि त्या जेवणात भात-भाकर दोन्ही सोड.

शेजारणीचं ऐकून तू दोनच वेळा जेवायचं म्हणतेस, त्याची मला खरी धास्ती आहे. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोहोचवलेली ही पद्धत. तिने वजन उतरलेले लोक मीही पाहिले आहेत, आणि वजन उतरलं की टाइप टूची साखरही उतरते. पण तुझ्या चिठ्ठीवर ग्लिमेपिराइड आहे. ती गोळी पोटात असली आणि जेवण चुकलं की साखर झपकन खाली येते. कापूस वेचायला नुसत्या चहावर निघायचं आणि दुपार टळल्यावर डबा उघडायचा, हे आता बंद. गोळी कमी केल्याशिवाय जेवण कमी करायचं नाही, आणि गोळी कमी करायची ती डॉक्टरांनी, तू नाही.

धुऱ्यावर अचानक दरदरून घाम आला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर भाकर सोडत बसू नकोस, ती अंगी लागायला वेळ घेते. तीन चमचे साखर पाण्यात घालून पी, 15 मिनिटं बस. बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच घे, आणि सावरल्यावर जेव. साखरेची पुडी पदराला बांधलेलीच असू दे. मशीनवर 70 च्या खाली आकडा दिसला तरी हेच करायचं.

आता तुझा तो तीन महिन्यांचा आकडा, एचबीएवनसी. 7 च्या आत आला म्हणून खूश झालीस. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात सिकलसेल कितीतरी घरांत आहे, आपल्याही आहे. एरवी रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात; सिकलसेलच्या आजारात त्या लवकर मरतात, म्हणून हा आकडा खोटाच कमी दिसतो. नुसता वाहक असला तरी काही मशिनींवर तो चुकतो. अंगात लोह कमी असेल तर उलट, खोटाच जास्त येतो. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर पाहूनच ठरवावं लागतं. पुढच्या खेपेला ग्रामीण रुग्णालयात जाशील तेव्हा सिकलसेलचं कार्ड सोबत ने आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता आधी तेच पुढे कर.