जुनी पिकअप घेताना

प्रश्न : गावातल्या बागायतदाराची 9 वर्षांची बोलेरो पिकअप विकायची आहे. चांगली जपलेली दिसते. घ्यावी का?
– एक शेतकरी, जुन्नर

उत्तर : नुसत्या रंगाला भुलू नका. सकाळी इंजिन गार असतानाच जा. आधीच तापवलेलं इंजिन खोड लपवतं. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडा. धुराचे जोरदार भपकारे आले, तर पिस्टन रिंगा झिजल्याची शंका घ्या. हौद्याखाली वाकून चेसीवर गंज, वेल्डिंगचे सांधे शोधा. आरसीवर कर्जाचा बोजा असेल, तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म 35 मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. 8 वर्षांपुढच्या मालवाहू गाडीचं फिटनेस दरवर्षी करावं लागतं, तो खर्चही धरा. सगळं नीट असेल, तर बिनधास्त घ्या.